आर्थिक अरिष्टामुळे, स्वखुशीने

१९ ऑगस्ट १९५६, रविवार

ट्रंका आणल्या. चार. बायकोच्या, सु.च्या, मते दोन पुरल्या असत्या. तिने पुस्तकं धरलीच नव्हती. म्हणाली, "पुस्तकंच न्या, मी राहते इथे. तेवढीच जागा होईल."

कोठी बाजारातल्या दुकानातून न घेता, त्या बनतात त्या शेडवरूनच थेट घेतल्या, कारण तिथे युसूफभाई मुकादम आहेत. मुकादम तेच आणि युनियनचे सेक्रेटरीही तेच. शेठला चालतं. युनियन म्हणजे सध्या रविवारचा अभ्यासवर्ग, आणि अभ्यासवर्ग म्हणजे मी, सरकारी शाळेचा मास्तर, ज्याने असल्या ठिकाणी तोंड उघडायचं नसतं.

मराठवाडा मुंबई राज्यात जाणार हे पक्कं. म्हणजे मराठी शाळांचे आम्ही मास्तरही तिकडे. तीन पिढ्या या राजधानीच्या शहरात गेल्या. आजोबा महसुलात, वडील कोर्टात, दादा अजून कोर्टात. दादा जाणार नाही, वकिलाची बदली होत नाही.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं शहर ट्रंका घेत सुटलंय. कचेऱ्या फुटणार, कानडी कारकून म्हैसूरला, मराठी मुंबई राज्यात. शेठने वीसेक नवी माणसं घेतली. त्यांत नांदेडकडचा किसन, रिबिटा ठोकतो. त्याची बायको सोजर झाकणांवर फुलं काढते. माझ्या चारींवर तिचीच. विचारलं, हे कुठलं फूल?

"फूल हाय, मास्तर. नाव शेठला इचारा."

२ सप्टेंबर, रविवार

वर्ग चांगला झाला. नफा कुठून येतो इथपर्यंत आलो. शेवटी किसन उठला. हा माणूस बोलतो कमी, पण बोलला की उत्तर द्यायला घाम फुटतो.

"मास्तर, ट्रंक एकदा घेतली की किती साल चालती?"

म्हटलं, चांगली असली तर नातवापर्यंत.

"मंग सगळ्यायनं घेतल्यावर आमी काय करायलाव?"

हसले सगळे. मी हसलो नाही. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत द्यायचं होतं.

युसूफभाईंना विचारलं, शहरात असे शेड किती? त्यांनी दोन्ही हात पसरले. "गिनती कौन करता मास्टरसाब? बाल्टी बनानेवाले भी संदूक बनारै. कल एक नालबंद मिला, घोड़े छोड़ को संदूक बनारा."

हेच ते. प्रत्येक जण रस्त्यावरून ट्रंकांची बैलबंडी जाताना बघतो आणि म्हणतो, खपतंय. शहरात घरं किती, त्यांतली जाणारी किती, हे मोजणं कोणाच्याच कामात नाही. प्रत्येक शेडमध्ये काटेकोर शिस्त आणि शेडच्या बाहेर नुसता अंदाज.

९ सप्टेंबर, रविवार

दादाकडे जेवायला. मी विषय काढला, नेहमीप्रमाणे. दादा पान लावत म्हणाला, "तुझ्या शेठचा अंदाज चुकेल, एवढंच. हुशार असता तर वेळेवर थांबला असता. एका माणसाच्या चुकीला तू व्यवस्था म्हणतोस."

म्हटलं, हुशार असता तर आणखी केल्या असत्या. हा थांबला की गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जातं. थांबण्याची शिक्षा आज मिळते आणि न थांबण्याची दिवाळीनंतर. मग थांबेल कोण?

"मग मजुरी वाढवा म्हणावं. मजूर घेतील ट्रंका."

घरी येताना यावर फार विचार केला. हे इतकं सोपं असतं तर! शेठला स्वतःच्या माणसांची मजुरी कमी हवी असते आणि दुसऱ्यांच्या माणसांची जास्त. दुसऱ्यांचे मजूर हे त्याचं गिऱ्हाईक, स्वतःचे मजूर हा त्याचा खर्च. प्रत्येक शेठची हीच इच्छा. म्हणजे सगळे मिळून सगळ्यांच्याच गिऱ्हाइकांचा खिसा कापतात आणि मग बाजार का बसला म्हणून एकमेकांना विचारतात. शिवाय नफा दिसत नसेल तर मजुरी कितीही असो, शेठ पत्राच कापायला घेणार नाही. त्याला ट्रंक नको असते, ट्रंकेतून जे निघतं ते हवं असतं.

हे वर्गात असंच सांगितलं पाहिजे. लिहून ठेवलं.

२३ सप्टेंबर, रविवार

फुलं बंद. शेठ म्हणाला, नुसता हिरवा रंग मारा, फुलांत वेळ जातो. सोजरला रंगाच्या डब्यावर बसवलंय. रिबिटांचं काम मात्र दुप्पट. माल उठत नाही तर माल आणखी स्वस्त पाडायचा, आणि त्यासाठी तेवढ्याच माणसांकडून आणखी माल काढायचा. बुडणाऱ्याने खिशात दगड भरावेत तसं.

परवा तीन बंड्या कोठीवरून भरलेल्याच परत आल्या. युसूफभाईंनी उतरवून घेतल्या. आता छपरापर्यंत थप्पी आहे, वरच्या ओळीला हात पुरत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

आज बोललो. खरं बोललो, अंगातून बोललो. शेजारच्या दोन शेडमधली माणसंही आली होती. बाया दाराशी, पुरुष अंगणात. दीड तास. कागदाकडे बघितलं नाही.

आठवतं तेवढं: "पूर्वी दुष्काळ पडायचा तो कणगी रिकामी म्हणून. हा नवा दुष्काळ कणगी भरली म्हणून पडतो! तुम्ही कमी केलंत म्हणून नाही, जास्त केलंत म्हणून तुमच्या घरची चूल विझणार आहे! याला आर्थिक अरिष्ट म्हणतात. ते या व्यवस्थेच्या पोटात आहे. शेठ बदला, शहर बदला, राज्य बदला, अरिष्ट येणारच! ते अटळ आहे!"

'अटळ'ला टाळ्या पडल्या. दारातल्या बायांनी मात्र पदर सारखे केले. मला वाटलं, शब्द आत उतरला.

सु. मागे उभी होती. येताना म्हणाली, "आज फार छान बोललात. मला भीतीच वाटली."

७ ऑक्टोबर, रविवार

नव्या माणसांना शेठने काल सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. काढलं असं म्हटलं नाही. "तूर्त थांबा" म्हणाला. या दोन शब्दांवर युसूफभाई अडून बसलेत आणि बरोबर बसलेत. मालकाने माणूस कमी केला तर काम पुन्हा निघाल्यावर आधी त्यालाच बोलवावं लागतं, असा कायदा आहे. माणूस आपण होऊन गेला, तर नाही. आता सगळं एवढ्यावरच आहे. कोणी काही लिहून द्यायचं नाही. अंगठा द्यायचा नाही. वर्गात तीनदा सांगितलं.

किसन नागपूरला निघालाय, दसऱ्याच्या दीक्षेला. त्याच्या वस्तीतले बरेच जण. पायात नवी चप्पल. सोजर जात नाही, म्हणाली मागे कोणीतरी पाहिजे.

हेडमास्तर म्हणाले, "रविवारी कुठे असता हे मला माहीत नाही आणि माहीत व्हायलाही नको."

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सकाळीच युसूफभाई. बसले नाहीत.

काल खंडेनवमी. शेडमध्ये हत्यारांची पूजा दर वर्षी होते. यंदा शेठने घरी बसवलेल्यांनाही बोलावलं. भटजी आणले होते. हत्यारांच्या पूजेनंतर आणखी एक विधी. अरिष्टशांती.

मला आधी कळेचना. युसूफभाईंनी शब्द तोडून उच्चारला. "अ-रिष्ट. वोइच, तुमारा."

शेठ उभा राहून म्हणाला म्हणे: तुमचे मास्तरच सांगून गेलेत, अरिष्ट आलंय, अटळ आहे, कोणाचा इलाज नाही. मी तरी काय करू? निदान शांत करून घेऊ. ज्यांची पत्रिका या जागेशी जुळत नाही त्यांनी जागा सोडावी, म्हणजे उरलेल्यांवरचं टळेल. मग प्रसाद. प्रसादाच्या ताटाशेजारी कागद आणि शाईचा पॅड.

बारा अंगठे.

"आपने रोका नै?"

"मेरे कू पूजा में कौन बुलाता मास्टरसाब? मैं बाहर पत्रे गिनरा था."

जाताना दारात थांबले. "हमारे में इसकू बोहरान बोलते. हकीमां का लफ्ज़ है. बुखार का वो दिन, जब मरीज़ पार हो जाता, नै तो जाता. बोहरान बोले तो आदमी उठ को बैठता, दवा ढूंडता. तुमारे लफ्ज़ से लोगां हात जोड़ लिये."

आपट्याची पानं तशीच पडली आहेत ताटात.

१५ ऑक्टोबर, सोमवार

शाळेनंतर नाल्याकडच्या वस्तीत गेलो. सोजर दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. अंगठ्याला अजून शाई.

"तुमीच म्हणलाव ना, अटळ हाय म्हणून. शेठ बी तेच म्हणायलेत. तुमी दोघं बी एकच म्हणायलाव, तर मंग आमी कोणाचं ऐकावं?"

मी म्हटलं, मी म्हणालो त्याचा अर्थ तसा नव्हता.

"मंग कसा व्हता?"

शेजारची भागाबाई म्हातारी मध्येच म्हणाली, "मला तर वाटलं ते बाटलीतलं. बाळंतिणीला देतेत ते अरिष्ट. म्हणलं मास्तर सगळ्यायला औषध वाटणार हायेत." तीही शेडमध्येच होती, तिनेही अंगठा दिलाय. औषध मिळालं नाही, असं वर म्हणाली.

कोणी हसलं नाही. मीही नाही. पंधरा वर्षं हा शब्द वापरतोय. पुस्तकांत आहे, मासिकांत आहे, आमच्या सगळ्यांच्या तोंडी आहे. ज्यांना सांगायचं त्यांच्या घरात तो आधीपासून राहत होता, शनी आणि राहूच्या शेजारी, हे एकदाही डोक्यात आलं नाही. मी म्हणालो, हे माणसांनी केलेलं आहे. आणि त्यासाठी शब्द निवडला तो ग्रहांचा.

सोजरने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "मास्तर, अंगठा परत घेता येतो का?"

विचारून सांगतो म्हणालो.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

दादाला विचारलं. त्याने कपाटातून कागदाची नक्कल काढून माझ्यासमोर ठेवली. त्याच्याकडे कशी, हे विचारायच्या आत मी वाचायला लागलो होतो.

"सध्याच्या आर्थिक अरिष्टामुळे मी आपल्या कामावरून स्वखुशीने..."

अक्षर त्याच्या कारकुनाचं.

"तू लिहिलास?"

"शेठ माझा जुना अशील आहे. मजकूर सांगा म्हणाला, मी सांगितला. अंगठे कसे घेणार हे मला सांगितलं नव्हतं." मग म्हणाला, "शब्द तुझाच आहे. बरोबर बसला."

खूप बोललो. वहिनी आतून बाहेर आली इतका. दादा ऐकून घेत होता, कोर्टात ऐकतो तसा. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं? आता उपयोगाचं ऐक. कागद वाचून दाखवला, पण त्याचा अर्थ त्यांना वेगळाच कळला होता, असं सिद्ध झालं तर अंगठा टिकत नाही. लेबर ऑफिसरकडे अर्ज कर. मी उभा राहू शकत नाही, कागद माझा आहे. पण अर्थ वेगळा का कळला, हे सांगणारा साक्षीदार लागेल. तो शब्द त्यांच्यात कोणी आणला, कधी, कुठल्या सभेत."

"म्हणजे मी."

"म्हणजे तू. नावानिशी, हुद्द्यानिशी. सरकारी मास्तर, युनियनच्या सभेत दीड तास. ते तुझ्या सर्व्हिस बुकात जाईल. मी भाऊ म्हणून सांगतो, विचार कर. वकील म्हणून सांगतो, दुसरा साक्षीदार नाही."

२१ ऑक्टोबर, रविवार

किसन परत आला. पांढरा सदरा. चालणं बदललंय, मान वर. सोजरच्या अंगठ्याचं कळल्यावर घरात जे झालं ते वस्तीभर ऐकू गेलं असणार. मी गेलो तेव्हा दोघं दोन टोकांना बसलेली.

"म्या तिकडं देवधर्म सोडून आलो. आन् ही इकडं शांतीला बसली. भटाच्या हातचं घेतलं, वर नोकरी देऊन आली."

सोजर म्हणाली, "तुमी गेलाव तवा मला इचारलंव का? तिकडं काय सोडायलाव, इकडं काय धरायचं, कोण सांगणार व्हतं मला? मास्तर सांगायलेत ते ऐकलं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाद त्यांचा होता, पण उत्तर माझ्याकडेच मागितलं.

किसनने अंगठा दिलेला नाही. काम निघालं तर त्याला बोलावतील, तिला नाही. पण निघेल कधी? शेडमध्ये माल छपराला टेकलाय.

अर्ज युसूफभाईंनी दिला. बारा नावं. पहिलं सोजरचं.

२८ ऑक्टोबर, रविवार

वर्ग. ठरवून गेलो होतो, तो शब्द उच्चारायचा नाही.

इतकं वाईट मी कधी बोललो नाही. पाच मिनिटांत तीनदा जीभ तिकडे गेली, तीनदा अडलो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चढा आवाज लावून बघितला, तो पोकळ लागला. शेवटी खाली बसलो, सतरंजीवर, त्यांच्यात. म्हटलं, आपण ट्रंकेपासून सुरू करू. एक ट्रंक कोण घेतं?

बदली झालेला घेतो. किती जणांची बदली? माहीत नाही. शेठला माहीत होतं? नाही. मग बनवल्या का? शेजारचा बनवायला लागला म्हणून. तुम्ही ट्रंक घेतली का? यावर सगळे हसले. सोजर म्हणाली, "आमाला बोचकं पुरतं. ट्रंक घ्यायची म्हणलं तर महिनाभर चूल बंद ठेवावी लागती." शेजारच्या बादलीवाल्यांनी घेतली? त्यांचंही तेच. आणि ते बनवतात त्या बादल्या तुम्ही घेतल्या? आमची फुटकी आहे, डांबर लावलंय.

मग सोजर, एकेक शब्द पारखत:

"म्हंजे आमी लई बनवलं म्हणून आमी रिकामे. आन् आमी रिकामे म्हणून त्यायच्या बादल्या बी पडून. मंग ते बी रिकामे."

"हो."

"मंग हे देवानं नाही केलं."

"नाही."

"शेठनं केलं?"

म्हटलं, एकट्या शेठने नाही. उद्या हा शेठ मेला तरी दुसरा हेच करेल, नाही केलं तर बुडेल. ही कामाची रीतच अशी आहे. लोकांना काय पाहिजे ते बघून काम निघत नाही, मालकाला नफा दिसला तर निघतं.

किसन म्हणाला, "रीत हाय व्हय. मंग मोडता येती. आमी परवाच एक मोडून आलाव."

दीड तास गर्जून मला जे जमलं नाही ते या दोघांनी सतरंजीवर बसून केलं. माझ्या ग्रंथांत हे सगळं आहे, पानं पाठ आहेत. पण 'अटळ' आणि 'मोडता येती' या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मी आज पाहिलं. दोन्ही मीच सांगायला हवे होते. मी पहिल्यालाच टाळ्या घेऊन घरी गेलो.

३० ऑक्टोबर, मंगळवार

दोन कागद एकाच दिवशी.

नेमणूक: औरंगाबाद. नऊ तारखेच्या दुपारच्या आत रुजू. त्यासाठी आठच्या सकाळची गाडी शेवटची.

लेबर ऑफिस: सुनावणी आठ तारखेला, अकरा वाजता. साक्षीदाराने समक्ष हजर राहावे.

मुदतवाढ मागायला गेलो. हेडमास्तर सज्जन माणूस. म्हणाले, "अर्ज पाठवतो, पण कारण लिहावं लागेल. काय लिहू?" मी उभा राहिलो. ते म्हणाले, "मग नको." न कळवता नाही गेलात तर मात्र जागा जाईल, हेही म्हणाले, चष्मा पुसत.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज नवं राज्य. शहरभर लाउडस्पीकर, तोरणं. एक राज्य संपलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं, अशा दिवशी छाती भरून यावी. मराठीचा मुलूख एकत्र यावा म्हणून मीही घसा फोडलाय. आज घरात चार ट्रंका दिसतात, एवढंच.

दुपारी काचीगुड्याला गेलो, रिझर्वेशनसाठी. फलाटावर ट्रंकाच ट्रंका, हमालांच्या डोक्यावर, बाकांखाली, कारकुनांच्या बायका त्यांवर बसलेल्या. काही झाकणांवर सोजरची फुलं. मी ओळखतो आता, पाच पाकळ्या, एक वाकडी.

टोकाला, पाण्याच्या नळाशी, शेडमधली तीन कुटुंबं. अंगठा दिलेली. गावी परत चाललेली. माझ्याकडे बघून उठून उभी राहिली, अजूनही. सामान बोचक्यांत. चादरीच्या गाठी, गाठीतून बाहेर आलेलं तव्याचं दांडकं. दोन महिने दिवसाला कितीतरी ट्रंका ठोकल्या या माणसांनी. शेडमध्ये त्या छपरापर्यंत रचून ठेवल्यात, कुलूप लावून, गंज चढू लागलाय. आणि ही माणसं स्टेशनवर बोचकी घेऊन.

भागाबाई त्यांच्यात होती. म्हटलं, आठ तारखेपर्यंत थांबा, सुनावणी आहे. ती म्हणाली, "तवर खाऊ काय, मास्तर?"

याला व्याख्या लागत नाही.

बारातले नऊ राहिले.

४ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. घराबाहेर पडलो नाही.

साक्षीचा मजकूर लिहितोय, पाचव्यांदा. पहिल्या चारांत मी व्याख्यान दिलंय. व्यवस्था, बाजार, उत्पादन. दादाने वाचून सगळं खोडलं. "ऑफिसरला जगाचं दुखणं नको सांगू. तू काय म्हणालास, त्यांना काय कळलं. दोन ओळी."

त्या दोन ओळी फार जड आहेत. *मी अमुक दिवशी अमुक शब्द वापरला. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांना दैवी संकट असा कळला, आणि तो तसा कळेल हे मला कळायला हवे होते.* आमच्या डाव्या पक्षातल्या एकाला दाखवलं. तो म्हणाला, "हे उघडपणे लिहून देणार? वक्त्याने?" हो, वक्त्याने.

की वक्ता आठच्या गाडीत बसेल आणि औरंगाबादच्या पोरांना गुप्त घराण्याचा सुवर्णकाळ शिकवेल. नोकरी राहील. सु.चं औषधपाणी चालू राहील. तिकडेही कारखाने आहेत, तिकडेही रविवार आहेत. अभ्यासवर्ग काढता येईल. हे सगळं खरं आहे, म्हणूनच ते मला पटायला लागलंय आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

युसूफभाई येऊन गेले. चहा अर्धा ठेवला. "आते की नै, इत्ताच बोलो. नै आते तो मैं उनकू सच बोलतूं. झूट बोल को बिठाना नक्को."

म्हटलं, बुधवारी सांगतो.

"बुधवार बोले तो सात तारीख. हौ."

६ नोव्हेंबर, मंगळवार

सोजर घरी आली. पहिल्यांदाच. उंबऱ्याशी थांबली, सु.ने हात धरून आत घेतलं. भिंतीशी ठेवलेल्या चारी ट्रंका तिने पाहिल्या, एकीच्या झाकणावरून बोट फिरवलं. "रंग धरला बरा."

मग मला: "तुमची गाडी हाय म्हणून कळलं."

म्हटलं, हो, परवा सकाळी.

"आमचे हे म्हणायलेत, मास्तर आले नाहीत तरी आपुन जाऊ, आपुनच सांगू. पण मला ऑफिसरपुढं बोलता येईल का नाही, ठावं नाही. तुमी मला सांगून ठेवा, काय बोलायचं."

अर्धा तास बसलो. मी सांगायचो, ती म्हणून दाखवायची. माझी वाक्यं तिच्या तोंडात बसेनात. मग म्हटलं, तूच सांग, काय झालं. तिने सांगितलं. शांती, प्रसाद, शाई, मास्तर बोललेलं, शेठ बोललेलं. क्रमाने, एकही शब्द वाया न घालवता. मी त्यात काहीच बदललं नाही.

जाताना म्हणाली, "एकच. ऑफिसरनं म्हणलं की मास्तर असं बोलले हे कशावरून, तर म्या काय दाखवू?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. दिलं नाही.

७ नोव्हेंबर, बुधवार

शाळेचा निरोप. हार, पेढे, गटफोटो. पोरांनी विचारलं, सर बोला. चारच वाक्यं बोललो. हेडमास्तरांना आश्चर्य वाटलं.

येताना युसूफभाईंकडे गेलो नाही. वाटेवरच घर आहे त्यांचं.

साक्षीच्या दोन ओळी कोऱ्या कागदावर नक्कल करून ठेवल्या. सहीची जागा रिकामी. कागद रेल्वेच्या तिकिटाबरोबर एकाच पाकिटात आहे. दुसरं पाकीट नव्हतं.

टांगा सकाळी साडेसातला. स्टेशन डावीकडे, लेबर ऑफिस उजवीकडे.

संध्याकाळी सु. तिसरी ट्रंक उघडून बसली. सगळी बांधून झालेली, दोरीसकट. म्हटलं, काय राहिलं आता?

"तुमचा कोट. तळाशी गेला होता."

म्हटलं, प्रवासात कोट कशाला?

"ऑफिसात जाताना लागतो," ती म्हणाली. कुठल्या ऑफिसात ते तिने म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तिने कोट झटकला, घडीच्या रेषा हाताने दाबल्या आणि दारामागच्या खिळ्याला अडकवला.

ट्रंकेची कडी तिने अजून लावलेली नाही.